न संपलेल्या कोर्सचा सत्कार

पिस्कॅटवे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रफुल्ल,

जय भीम. फोन तू ब्लॉक केलास, ईमेल उघडतोस की नाही ते कळायला मार्ग नाही. म्हणून कागद. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करू शकत नाही. पत्ता उपासनाने दिला. बहिणीवर चिडू नकोस, मी तिच्या घरी जाऊन तासभर सोफ्यावर हटून बसलो तेव्हा कुठे दिला. "बाबा, प्रफुल्ल नीड्स स्पेस," म्हणाली. मी म्हटलं, आपलं न्यू जर्सी आणि त्याच्या बेलव्ह्यूच्या मध्ये अख्खी अमेरिका पडली आहे, अजून किती स्पेस पाहिजे.

मुद्द्यावर येतो. नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या व्हेटरन्स खात्याचं तुझ्या नावाचं पत्र इथे आलं, ते मीच उघडून तुला फोनवर वाचून दाखवलं. त्यानंतर आठवड्याभरात तू माझा नंबर बंद केलास. पत्र मी लिहिलं नव्हतं बापा, मी फक्त वाचलं होतं.

त्यात काय होतं ते पुन्हा लिहितो, कारण मला ते अजून गिळता आलेलं नाही. चार वर्षं लष्करात मेडिक म्हणून काढल्याबद्दल तुला सरकारी खर्चाने शिक्षणाचे छत्तीस महिने मिळाले. त्यातले वीस महिने त्या ब्रॅमली टेक्निकल इन्स्टिट्यूटने खाल्ले. एक्स-रे शिकवतो म्हणाले आणि वर्गात ठेवलेल्या मशीनमध्ये ट्यूबच नव्हती. हॉस्पिटलांशी करार आहेत म्हणाले, एकाही हॉस्पिटलने त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात सरकारने मान्यता काढली, दाराला कुलूप लागलं आणि तुझ्या वर्गातल्या अकराही माजी सैनिकांना त्यांचे महिने परत मिळाले. बाराव्याला, म्हणजे तुला, नाही. का, तर शाळा बंद पडायच्या आधीच, १२ एप्रिल २०२४ ला, तू कोर्स पूर्ण केल्याची नोंद आहे. ज्याने कोर्स पूर्ण केला त्याची फसवणूक झाली नाही, असा हिशेब.

कुणीतरी चुकीचं बटण दाबलं असणार. त्या शाळेत कोण काय भरत होतं देव जाणे, आणि देवाला तर मी मानत नाही. तू काळजी करू नकोस. मला एक अधिकारपत्र पाठव, मी फोन करून सगळं सरळ करून घेतो. सरकारी कामात चिकाटी लागते आणि ती माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे.

आई बरी आहे. आजीच्या आजारपणात तीन वर्षं नागपूरला राहिली आणि तिचं ग्रीन कार्ड गेलं, त्याची किंमत आता आपण मोजतोय. माझा नागरिकत्वाचा अर्ज गेला आहे, बोटांचे ठसे झाले. मी नागरिक झालो की तिला लगेच आणता येईल. ती तुझी चौकशी करते. मी सांगतो, बिझी आहे.

तू व्हेटरन्स खात्याला उलट काय लिहिलंस ते मात्र कळव.

बाबा


पिस्कॅटवे,
रविवार, २ मार्च २०२५

प्रफुल्ल,

उत्तर नाही. पत्र पोचलं एवढं उपासनाकडून कळलं. तू ते फ्रिजवर ठेवलं आहेस म्हणे. दारावर चिकटवलेलं नाही, वर, टोस्टरच्या खोक्यामागे. असो, कचऱ्यात तर नाही.

तिने अजून एक सांगितलं. बेलव्ह्यूच्या कॉलेजात तुला नर्सिंगला जागा मिळाली आहे, सप्टेंबरपासून. अभिनंदन. हे तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं, पण अभिनंदन. वीस महिने परत मिळाले तरच तो कोर्स पुरा होईल आणि काय ते पंधरा ऑगस्टच्या आत कॉलेजला सांगायचं आहे, हेही तिनेच सांगितलं. लष्करातून आलास तेव्हा तू नर्सिंगच म्हणत होतास. ब्रॅमली मी शोधली. "नर्सिंगला चार वर्षं, इथे दोन वर्षांत हातात सर्टिफिकेट," असं मीच तुला गाडीत बसून समजावलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

आता त्या १२ एप्रिलबद्दल. मागच्या पत्रात बटणाचं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तुला सगळं लिहितो.

गेल्या वर्षीच्या आपल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात सत्कारमूर्तींची यादी माझ्याकडे होती. मंडळाचा सेक्रेटरीच मी. दोन पीएचडी, एक डॉक्टर, रवीची मुलगी लॉ स्कूलला लागली ती. आणि मी तुझं नाव घातलं: प्रफुल्ल भानुदास गजभिये, माजी सैनिक, मेडिकल इमेजिंग. पत्रिका छापून आल्या. मग लक्षात आलं की तुझे हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलचे चार महिने अजून बाकी आहेत. पत्रिका परत छापायच्या म्हणजे रवीला सांगायचं, आणि रवी अध्यक्ष, त्याला असं काही सांगायचं म्हणजे तो वर्षभर पुरवून पुरवून बोलतो. म्हणून मी ब्रॅमलीच्या ऑफिसात गेलो आणि तिथल्या बाईंना म्हटलं, मुलाचा समाजातर्फे सत्कार आहे, स्टेजवर देण्यापुरतं सर्टिफिकेट द्या. नंतर चार महिने तो करणारच आहे. त्या इतक्या आनंदाने हो म्हणाल्या की तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कोर्स पूर्ण केलेला एकेक विद्यार्थी त्यांना पाहिजेच होता, सरकारला दाखवायला. हे आता कळतं.

एवढंच. सर्टिफिकेट मी मागितलं. त्यासाठी फॉर्मवर जी काय सही लागते ती त्यांनी त्यांच्या पातळीवर केली असेल, मला त्यातलं काही माहीत नाही.

शाल घालताना तू माझ्या कानात "बाबा, कोर्स संपला नाहीये" म्हणालास आणि मी "हस, फोटो काढतायत" म्हणालो. ते मला रोज आठवतं.

बाबा


पिस्कॅटवे,
रविवार, ६ एप्रिल २०२५

प्रफुल्ल,

काल एक जाड पाकीट आलं. खात्याकडे तुझा पत्ता अजून इथलाच आहे, तो बदलायचा आळस तू कधी सोडणार. पाकीट मी उघडलं. दुसऱ्याची पत्रं उघडणं या देशात गुन्हा आहे हे उपासना मला दर महिन्याला सांगते.

तू जानेवारीत फेरविचाराचा अर्ज केला होतास, तो त्यांनी नाकारला आहे. सोबत सगळ्या फाइलची प्रत जोडली आहे. बावीस पानं. सोळाव्या पानावर तो ब्रॅमलीचा फॉर्म, कोर्स पूर्ण झाल्याचा, खाली सही. सतराव्या पानावर खात्याने तुला विचारलेले प्रश्न आणि तुझ्या हाताने भरलेली उत्तरं.

प्रश्न चौथा: या फॉर्मवरील सही तुमची आहे का?

तू "होय" वर खूण केली आहेस.

मी ते पान घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. कुकरच्या चार शिट्या झाल्या, पाच झाल्या, डाळीचा पार लगदा झाला तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. कारण ती सही तुझी नाही हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक तू. आणि दुसरा तो, ज्याने ती केली.

मी केली, प्रफुल्ल. मागच्या पत्रात त्या बाईंवर ढकललं ते खोटं होतं. त्या म्हणाल्या, विद्यार्थ्याची सही लागेल. मी म्हटलं, तो या वीकेंडला आर्मी रिझर्व्हच्या ड्रिलला चालला आहे, घाईत आहे. त्या म्हणाल्या, मग सोमवारी आणा. सोमवारी म्हणजे तुला विचारावं लागलं असतं. मी म्हटलं, अजून बाहेर गाडीतच बसलाय, आणतो सही करून. पार्किंगमध्ये गेलो, गाडीच्या टपावर कागद ठेवला, सही केली आणि परत आलो. पाच मिनिटं लागली. तेव्हा मला ती लबाडी वाटलीच नाही. मुलाचं काम बाप करतो, त्यात काय, असं वाटलं. तुझ्या शाळेच्या फॉर्मपासून लष्कराच्या कागदांपर्यंत सगळं मीच भरत आलो होतो. तू फक्त पेन घेऊन सही करायचास. ती एक तेवढी राहिली होती, तीही मी घेतली.

आणि तू होय लिहिलंस. फाइलवरून दिसतं, नोव्हेंबरात तू खात्याकडून शाळेचं रेकॉर्ड मागवलंस, सही बघितलीस, मला ब्लॉक केलंस, आणि मग त्यांना लिहिलंस की सही माझीच, पण कोर्स अपुरा होता. असं कोण ऐकणार होतं? "नाही" एवढं लिहिलं असतंस तर तुझे महिने कदाचित तेव्हाच परत आले असते. ते तुला कळत होतं. मग का, ते मी कालपासून स्वतःला विचारतोय आणि उत्तर मला माहीत आहे. माझा नागरिकत्वाचा अर्ज. आई.

माझ्याशी बोलायचं नाही इतका तू चिडलेला आहेस, आणि तरी मला पाठीशी घालतोस. यापेक्षा तू घरी येऊन माझ्या तोंडावर दार आपटलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

बाबा


पिस्कॅटवे,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

प्रफुल्ल,

या पंधरा दिवसांत बरंच झालं. क्रमाने लिहितो.

आधी आईला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर, ती तिकडे भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, "तुम्ही त्याच्या नावाने सही केली आणि तो तुमच्यासाठी खोटं बोलला. आणि मला सांगत होते की तो बिझी आहे." मी म्हटलं, हे उघड झालं तर माझं नागरिकत्व लांबेल, तुझं येणं दोन-तीन वर्षं पुढे जाईल, कदाचित जास्त. ती म्हणाली, "मला तिथे आणून बसवता कुठे? पोरगा दारात येत नाही अशा घरात? आधी त्याचं नीट करा. मी काही पळून चालली नाही." आणि फोन ठेवला. चार दिवस बोलली नाही. तुम्ही मायलेक एकाच मातीचे.

मग युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये माजी सैनिकांसाठी मोफत सल्ला देतात तिथे गेलो. तिथली वकील आन्या, आई पुण्याची, मराठी तुम्हा भावंडांसारखंच, निम्मं इंग्रजीत. मी बोलायला सुरुवात केली तर तिने हातच वर केला. "काका, थांबा. मी प्रफुल्लची केस घेऊ शकते, तुमची नाही. तुम्ही आत्ता जे सांगणार आहात ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. आधी स्वतःचा इमिग्रेशन लॉयर बघा, देन वुई टॉक." मी म्हटलं, मुली, माझ्याविरुद्ध जाण्यासाठीच आलोय. ती हसली नाही. म्हणाली, नुसत्या तुमच्या शब्दावर खातं विश्वास ठेवेलच असं नाही, बाप मुलासाठी काहीही लिहील असं म्हणतील. त्या वेळचा काही पुरावा पाहिजे.

तेव्हा मला तुझं भाषण आठवलं. सत्काराला उत्तर देताना तू माइक घेऊन म्हणाला होतास, "थँक्यू, पण माझा कोर्स अजून झालेला नाही, चार महिने बाकी आहेत." आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या होत्या. किती नम्र मुलगा, असं प्रल्हादकाका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते. आपल्या लोकांत सत्काराला उभा राहिलेला माणूस "मी याला पात्र नाही" असंच म्हणतो, म्हणून तू खरं सांगत होतास हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं ते फक्त माझ्या, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमाचं शूटिंग मंडळाकडे असतं. रवीकडे मागितलं. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. तो हॉलच्या किचनमध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "भानुदासजी, सोडा ना यार. फॉर्मवर सह्या सगळेच करतात. सरकारी चौकशीत मंडळाचं नाव कशाला? बाकीच्या सत्कारमूर्तींनाही लोक मग सर्टिफिकेट दाखवा म्हणतील." व्हिडिओ डिलीट झाला असेल, असंही म्हणाला. म्हणजे आहे.

हे परवाचंच, शनिवारचं, यंदाच्या जयंतीचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचं. यादी वाचायला नेहमीसारखा मी माइकवर गेलो. हॉलमध्ये दोनशे माणूस. पहिलं नाव घेण्याऐवजी म्हटलं, गेल्या वर्षी इथे माझ्या मुलाचा सत्कार झाला तो खोटा होता, त्याचा कोर्स झाला नव्हता. आणि प्रफुल्ल, पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या. त्यांना वाटलं, बापही मुलासारखाच नम्र.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, टाळ्या कसल्या वाजवता, मी त्याची खोटी सही करून सर्टिफिकेट आणलं होतं. त्याने इथेच उभं राहून तुम्हाला खरं सांगितलं, तेव्हाही तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मीही वाजवल्या. आता त्याचं शिक्षण अडकलंय आणि मला त्या भाषणाचा व्हिडिओ पाहिजे आहे.

मग कुणीच वाजवल्या नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले आहेत, नागपूरच्या ऑफिसात असताना तर रोजचे होते, पण ते दुसऱ्यांनी केलेले होते. हा माझा मी केला होता. मंडळातल्या संघमित्राताई उठल्या, त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली आणि पहिलं नाव वाचलं, म्हणून कार्यक्रम पुढे गेला. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. संघमित्राताई ताट घेऊन आल्या, म्हणाल्या, "माझ्या फोनमध्ये आहे. मी सगळ्यांचं शूट करते." आणि तिथेच पाठवला.

बारा सेकंदांचा आहे. तुझा आवाज स्पष्ट आहे. मी सेक्रेटरीपद सोडलं, म्हणजे सोडायला लावायच्या आत सोडलं.

बाबा


पिस्कॅटवे,
शुक्रवार, ९ मे २०२५

प्रफुल्ल,

हे पत्र नीट वाच. फ्रिजवर नंतर टाक.

माझी नागरिकत्वाची मुलाखत ११ जुलैला आहे. इमिग्रेशनचा वकील केला, गोड बोलणारा माणूस. त्याने कागद बघून मला सांगितलं, "मिस्टर गजभिये, तुमचा मुलगा वर्षभराच्या आत कधीही पुरावा देऊ शकतो. तुम्ही कशाला घाई करता? जुलैत मुलाखत होऊ द्या, ऑगस्टच्या शेवटी शपथ घ्या, सप्टेंबरात ते सहीचं जाहीर करा." मी विचारलं, मुलाखतीत विचारतात ना, कधी खोटे कागद दिलेत का म्हणून? तो म्हणाला, "विचारतात. पण त्यांना तुमच्या मुलाच्या फाइलबद्दल काही माहीत असणार नाही." बस, एवढंच म्हणाला आणि पेनाशी खेळत राहिला.

तुला खरं सांगतो, मी तीन दिवस विचार केला. तीन दिवस मला ते पटत होतं. सप्टेंबरपर्यंत थांबलो तर आई नाताळाच्या आत इथे. तुझी नर्सिंगची जागा जाईल, पण पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल, तू हुशार आहेस, तरुण आहेस, असं मी स्वतःला समजावत होतो. मग लक्षात आलं की हे तेच आहे. तुला न विचारता मी पुन्हा तुझं एक वर्ष घेऊन टाकत होतो, आणि पुन्हा तुझ्या भल्यासाठी.

तर ऐक. आज सकाळी मी माझं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून रजिस्टर्ड पोस्टाने व्हेटरन्स खात्याला पाठवलं. हे पत्र लिहायच्या आधी पाठवलं, म्हणजे तू अडवू शकणार नाहीस. त्यात लिहिलं आहे की १२ एप्रिल २०२४ ची सही मी केली, माझ्या मुलाला माहीत नव्हतं, त्याने कोर्स पूर्ण केला नव्हता. सोबत व्हिडिओ, संघमित्राताईंचं निवेदन आणि छापलेली पत्रिका. प्रत माझ्या वकिलाला दिली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता तुझ्या फाइलमध्ये तुझं "होय" आहे आणि माझं "नाही" आहे. दोघांतला एक खोटं बोलतोय असं त्यांना दिसणार, आणि तो तू असता कामा नये. आन्याला फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. ती म्हणते, आपलं आधीचं उत्तर दुरुस्त करता येतं, पण ते तूच करायला पाहिजे, तुझ्या शब्दांत. मी मसुदा तयार करून पाठवणार होतो. आन्याने मला इतक्या जोरात "काका, नो" म्हटलं की पलीकडच्या केबिनमधला माणूस बघायला आला.

मला वाचवू नकोस. आईला वाचवतोय असं वाटत असेल तर तिला फोन करून विचार, तिचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस. ती तुला काय म्हणेल ते मला माहीत आहे, कारण मला म्हणून झालं आहे.

तारीख पंधरा ऑगस्ट. खात्याला किमान दोन महिने लागतात. म्हणजे तुझ्याकडे या महिन्याअखेरपर्यंतचा वेळ आहे.

बाबा


पिस्कॅटवे,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रफुल्ल,

मे महिन्यानंतर लिहिलं नाही. दर रविवारी कागद घेऊन बसायचो आणि पहिल्या ओळीतच तुला काहीतरी करायला सांगत असायचो, म्हणून फाडून टाकायचो. आज लिहितो, कारण सांगण्यासारखं आहे.

मुलाखत झाली. अधिकारी बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. शंभर प्रश्न पाठ केले होते, त्यातले सहा विचारले, सहाही बरोबर आले. मग त्यांनी अर्जातला तो खोट्या कागदांचा प्रश्न वाचला आणि मी हो म्हणालो. त्यांनी मान वर केली. कुणाची सही, विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलाची. कशासाठी? आता त्यांना जयंती, शाल, पत्रिका हे कसं सांगणार. मी म्हटलं, चारचौघांत त्याचं कौतुक व्हावं म्हणून. त्या बराच वेळ लिहीत होत्या. निकाल राखून ठेवला आहे, अजून कागद मागितले आहेत, कधी कळेल ते वकील सांगू शकत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं. मग मी यंदा लोणचं इथेच घालते."

त्या बाईंसमोर हो म्हणताना मला भीती वाटली. नंतर पार्किंगमध्ये गाडीत वीस मिनिटं बसून होतो. पण तुझ्याबद्दल वाटत होती तशी ती भीती नव्हती. माझं काय व्हायचं ते होईल, तुझं काय होतंय हाच विचार जून-जुलै रोज डोक्यात होता. तू आन्याला फोन केलास की नाही हे ती मला सांगेना. "काका, तो माझा क्लायंट आहे," एवढंच. उपासनाही गप्प. मी फोन वाजला की धावायचो आणि तो गाडीच्या वॉरंटीवाल्यांचा असायचा.

या महिन्याच्या बारा तारखेला आन्याने बोलावलं. मला वाटलं, गेलं. खुर्चीत बसायच्या आत तिने सांगितलं की वीसही महिने परत मिळाले आणि तू कॉलेजला कळवलंस सुद्धा. मी तिच्यासमोर रडलो, प्रफुल्ल. लाज वाटली नाही. तिने टिश्यूचा डबा सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मग म्हणाली, "प्रफुल्लने हे तुम्हाला दाखवायला सांगितलंय," आणि एक पान पुढे केलं. तुझं दुरुस्तीचं निवेदन. इंग्रजीत चारच ओळी. मी तिला विचारून मराठीत उतरवून घेतल्या, त्या अशा:

सही माझी नाही. ती माझ्या वडिलांनी केली. मी परवानगी दिली नव्हती. त्यांनी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून त्यांनी विचारलं नसावं.

आन्या म्हणाली, चौथ्या ओळीची खात्याला काही गरज नव्हती, तिने ती काढायला सांगितली होती. तू काढू दिली नाहीस.

नऊ महिन्यांत तू माझ्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं. मी ते खूप वेळा वाचलं. चारही ओळी खऱ्या आहेत, आणि चौथी सगळ्यांत जास्त. मला तुझं "नाही" माहीत होतं. नर्सिंगच्या वेळी माहीत होतं, ब्रॅमलीच्या वेळी माहीत होतं, पार्किंगमध्ये टपावर कागद ठेवताना माहीत होतं. ते "नाही" ऐकावं लागू नये म्हणून मी कधी विचारायचंच नाही, असं तुझ्या जन्मापासून चाललं होतं.

बावीस सप्टेंबरला तुझा वर्ग सुरू होतो. आदल्या दिवशी रविवार आहे. मी तिकडे येऊ का? एक दिवस, हॉटेलात राहीन, तुझ्या घरी नाही. तिकीट अजून काढलेलं नाही, खरंच काढलेलं नाही, उपासनाला विचार.

नको असेल तर "नको" एवढं लिही. मी वाचेन.

बाबा